दुपारचं रडणं

बॉयलर बसला म्हणून खालापूरच्या कंपनीने पहिल्या पाळीला भर दुपारी घरी सोडलं, आणि जितेशने आपल्याच घराचं दार आपल्याच किल्लीने उघडलं तेव्हा त्याची बायको रडत होती. नवरा अवेळी आला म्हणून दचकली, डोळे पुसले, असं काही झालं नाही. हर्षला पलंगाला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. समोर टीव्हीवर कुठल्याशा थंड मुलखातला एक म्हातारा दारातल्या बादलीत हात बुडवून धूत होता, बाकी काही घडत नव्हतं, आणि ती नाक वाहेपर्यंत, अगदी मन लावून रडत होती. जितेशने भराभर आपली माणसं आठवून पाहिली: आई कशेळ्याकडे गावी, नामाकाकाचे गुडघे, सासऱ्यांची साखर. "कोन गेलं?" त्याने विचारलं. "कोन नाय. पिक्चर हाय," ती म्हणाली, ओढणीने नाक पुसून उठली, त्याच्या हातातून डबा घेतला आणि चहा ठेवला. चहाला उकळी येईपर्यंत ती कसलंतरी गाणं गुणगुणत होती. जितेशला खटकलं ते हे गुणगुणणं. रडून उठलेलं माणूस मलूल असतं, त्याचा चेहरा सुजतो, ते दोन गोष्टी विचारल्या तर एकीचं उत्तर देतं. हिचा चेहरा न्हाऊन आल्यासारखा दिसत होता. कुणाला तरी भेटून आल्यावर बाई अशी दिसते, असं त्याच्या मनात आलं, आणि एकदा आलं ते आलंच.

आता, संशय हा त्याचा धंदाच होता म्हणा. कंपनीत बाटल्या व्हायच्या आणि त्या तपासायचं काम त्याच्याकडे. बाटली धड आहे असं धरून चालणाऱ्याला तिथे पगार मिळत नाही. उजेडासमोर धरायची, दाबायची, कान लावायचा, चीर कुठेतरी असणारच असं समजून बघायची. चौदा वर्षं हेच केल्यावर माणूस भाजीवाल्याने दिलेली सुटी नोटही उजेडासमोर धरतो. पण घरात त्याने कधी काही उजेडासमोर धरलं नव्हतं. तशी गरजच पडली नव्हती. हर्षला रडणारी बाई नव्हती. लग्नात पाठवणीच्या वेळी तिची आई, आत्या, शेजारणी गळ्यात पडून हेल काढून रडल्या आणि ही आपली त्यांच्या पाठीवर हात फिरवत उभी. सात वर्षांपूर्वी कर्जतच्या दवाखान्यात तिची मुलगी पोटातच गेली, तेव्हाही तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. इंदूबाई, म्हणजे जितेशची आई, चारचौघींत कौतुकाने सांगायची, "आमची सून धीराची हाय गं. एक शबूद बोलली नाय." नाव ठेवलेलं नव्हतं, दात आलेले नव्हते, त्यामुळे सुतक नव्हतं, दहावा नव्हता, समाचाराला बाया येऊन बसल्या नव्हत्या. विषय काढू नका, पुढचं बघा, असं सगळ्यांनी ठरवलं आणि सगळ्यांनी ते पाळलं. पुढचं काही झालं नाही, ती गोष्ट वेगळी. तर अशी ही बाई कुठल्या परक्या म्हाताऱ्यासाठी दुपारची दारं लावून धाय मोकलून रडते, हे जितेशला पटेना. म्हातारा निमित्त असणार. रडू दुसऱ्या कुणासाठी तरी आहे.

मग तो पाळत ठेवू लागला. पाळत हा शब्द त्याने स्वतःशी वापरला नाही, तो स्वतःला म्हणायचा की जरा लक्ष ठेवतो. तिने काय काय बघितलं हे टीव्ही निमूट दाखवत असे. सगळे उदास पिक्चर. त्यातले बरेच तर पिक्चरही नव्हेत, डॉक्युमेंटऱ्या: धरणात गेलेलं गाव, खाणीत अडकलेल्या मजुरांच्या बायका, बेटावर उरलेला एकटा शाळामास्तर. गाणं नाही, मारामारी नाही, बघावं तर नुसतं धुकं आणि म्हाताऱ्या. पैसे देऊनही हे कुणी बघणार नाही, आणि ही रोज बघते. शोधायचं म्हणून त्यानेही ते बघायला घेतले, कंपनीच्या कँटीनमध्ये मोबाइलवर, कानात वायरी घालून, डबा खाता खाता. त्यात एखादा चेहरा ओळखीचा निघेल, एखाद्या नटाचं नाक तिच्या माहेरच्या शेजाऱ्यासारखं असेल, कॉलेजात हिच्यामागे कुणी लागला होता का, सांगणाऱ्याचा आवाजच कुणासारखा आहे का, असं तो एकेक पारखून बघू लागला. सापडलं काहीच नाही. उलट एक दिवस भलतंच झालं. डोंगरात खेचरावरून रॉकेल पोचवणारा एक माणूस होता. रस्ता झाला, खेचर विकावं लागलं, आणि विकून घरी येताना तो सवयीने रस्त्याची एक बाजू खेचरासाठी मोकळी सोडून चालत होता. बस, एवढंच. आणि जितेशच्या घशात चपातीचा तुकडा अडकला, डोळ्यांत पाणी आलं, ते थांबेना. समोर शारिक बसला होता, त्याच्याच खात्यातला. तो खाली वाकून म्हणाला, "काय रं, घरी सगळं बरं हाय ना?" जितेश म्हणाला, "मिरची लागली." मग त्याला स्वतःचाच राग आला. आपल्याला खेचराचं काय? आपण तर आयुष्यात खेचराला हातही लावलेला नाही. तरी दिवसभर त्याला हलकं वाटत राहिलं, लाइनवर उभ्या उभ्या तोसुद्धा काहीतरी गुणगुणला, आणि ते ध्यानात आल्यावर त्याचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. आपल्यालाच माहीत नसलेलं काहीतरी आपल्या आत बसलेलं असतं आणि हे पिक्चर त्याला बरोबर हुडकून काढतात. तर मग तिच्या आत कोण बसलंय?

एक गोष्ट मात्र त्याच्या तपासनिसाच्या डोळ्याने टिपली. हर्षला कुठलाच पिक्चर शेवटपर्यंत बघत नसे. मध्येच सोडून द्यायची, आणि जिथे सोडायची ती जागा रडण्याची नसायचीच. मजूर मेल्याची बातमी येते तिथे ती थांबलेली नाही. त्याच्या पुढे, मेलेल्याचा भाऊ दारात चिखलाचे बूट काढतो, तिथे थांबलेली. धरणात देऊळ बुडतं तिथे नाही. पुजारी होडीतून परत येऊन धोतर पिळतो, तिथे. जितेशने ते तुकडे पुन्हा पुन्हा बघितले. त्यात काय होतं? काही नव्हतं. घरी तो तिला आडून विचारायचा, "आज काय बघितलंस?" ती सांगायची, अगदी सरळ, सगळी गोष्ट सांगायची, फक्त तो बूट आणि ते धोतर गाळून. लपवते आहे, हे त्याला कळायचं, पण बूट लपवण्यात काय अर्थ होता? रात्रीचं जेवण, दूध, वीजबिल, सगळं सुरळीत चाललं होतं, ती त्याच्या ताटात नेहमीसारखी न मागता भाकरी वाढत होती, आणि तो त्या भाकरीकडेही जरा निरखून बघत होता. आपलं घर मोडतंय आणि आवाज होत नाहीये, असं त्याला वाटे. भीती वाटे, स्पष्टच सांगायचं तर. या बाईशिवाय जगायचं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती म्हणाली, "कळंबला रिसॉर्टमधी डॉक्युमेंटरी दाखवतात, महिन्यातनं एकदा. मी जानार हाय. तुमी येताय?" म्हणजे ही याआधीही गेली होती. कधी? त्याची रविवारची पाळी असेल तेव्हा. आणि आता बोलावते आहे, ते तो नाही म्हणणार याची खात्री असल्यामुळेच. "येतो," तो म्हणाला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिचं तोंड पडलं असतं तर संशय पक्का झाला असता. ते पडलं नाही, तर तो मनात म्हणाला, सराईत आहे. रिसॉर्टच्या हॉलला काळे पडदे लावून भर सकाळी काळोख केला होता. मुंबईहून शनिवार-रविवारी येणारी माणसं होती, शेतघरं बांधलेली जोडपी, एक-दोन शिक्षक. दाखवणारा स्वराज नावाचा तरुण, दाढी, खादीचा झब्बा. "हर्षलाताई, या या, तुमची जागा ठेवलीय," तो म्हणाला. ताई! जितेशने तो ताई शब्द दाबून बघितला, कान लावून बघितला. चोरालाही ताई म्हणता येतं. जागा ठेवलीय म्हणजे काय? त्याने स्वराजचे हात बघितले, नखं बघितली, आणि हा माणूस आपल्यापेक्षा किमान दहा वर्षांनी लहान आहे याचा दिलासा घ्यावा की धसका, हे त्याला ठरवता येईना.

दिवे मालवले. जितेशने ठरवलं होतं, पडद्याकडे बघायचं नाही, हिच्याकडे बघायचं. तरी कानाने पिक्चर कळत होता आणि मधूनमधून डोळाही जात होता. बर्फातलं एक गाव, सगळे सोडून गेलेले, एकच नवराबायको आणि त्यांचा म्हातारा कुत्रा. पोरं शहरातून फोन करत नाहीत, असं बाई सांगत होती तेव्हा हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज आले. हर्षला कोरडी. कुत्रा एका सकाळी उठला नाही. पुढच्या रांगेतल्या बाईने नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. हर्षलाने पर्समधून वेलची काढून तोंडात टाकली. जितेशला क्षणभर वाटलं, आपणच मूर्ख, हिला काही झालेलं नाही. मग पडद्यावरचा माणूस कुत्र्याला पोत्यात घालून फावडं घेऊन बाहेर गेला. कॅमेरा त्याच्यामागे गेला नाही. तो घरातच राहिला, खिडकीशी उभ्या बाईजवळ, आणि बराच वेळ नुसती खिडकी दिसत होती. मग माणूस परत आला. अंगणातल्या नळावर त्याने फावडं धुतलं. हात धुतले. कोपरापर्यंत धुतले. पुन्हा धुतले. आत आला, टोपी काढली आणि बायकोला विचारलं, जेवायला काय आहे. हॉलमध्ये एक-दोघे हसले, मायेनेच, पुरुषांचं हे असंच असतं अशा अर्थाचं. आणि जितेशच्या शेजारची खुर्ची हलायला लागली. हर्षला तोंडात ओढणी कोंबून, पोटात दुखल्यासारखी पुढे वाकून रडत होती.

आणि त्या हलणाऱ्या खुर्चीशेजारी बसल्या बसल्या, कुणी काही न सांगता, जितेशला आपले हात आठवले. मार्गशीर्ष होता. दवाखान्यातल्या बाईने गाठोडं नामाकाकाच्या हातात दिलं होतं. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, वर गाठ. नामाकाका म्हणाला, "तू मागं बस, मांडीवर घे. आन् तोंड बघू नको रं. बापानं तोंड बघितलं का जीव गुततो, तिला बी जाता येत नाय." नामाकाकाच्या मोटारसायकलवर मागे बसून त्याने ते गावापर्यंत नेलं. पायलीभर तांदळाएवढं वजन. रस्त्यात ओळखीचे भेटले, हात करत गेले, त्यानेही एक हात सोडून हात केला. ओढ्याच्या वरच्या अंगाला, बांधाच्या कडेला, करंजाखाली काकाने खड्डा घेतला, जाडं मीठ टाकलं, आणि तो म्हणाला तसं जितेशने ठेवलं. मग परत. दवाखान्याच्या आवारातल्या नळावर त्याने नखांतली माती काढली, पाय धुतले, पुन्हा हात धुतले, कारण वर जाऊन काय बोलायचं हे ठरत नव्हतं, आणि हात धुतोय तोवर वर जावं लागत नव्हतं. वर गेल्यावर तो हर्षलाच्या खाटेशी उभा राहिला. तोंडातून आलं ते एवढंच, "डबा आला का?" हे त्याला इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. तरी रडू आलं नाही, कारण त्या आठवणीमागोमाग दुसरं काहीतरी आलं: ही इतके दिवस माझ्यासाठीच रडत होती? मग लपवलं का?

चहाबिस्किटं न घेताच ते निघाले. बाइकवर ती मागे, मध्ये पर्स. दोन्ही बाजूंना वालाची शेतं, ऊन चढलेलं. एक रस्ता कर्जतला घराकडे, दुसरा कशेळ्याकडे गावाला, त्या फाट्यावर त्याने गाडी बाजूला घेतली. त्याला सरळ विचारायचं होतं, पण महिनाभर मनात घोळवलेला संशयच आधी तोंडात आला. "तो स्वराज कोन हाय तुजा?"

हर्षला गाडीवरून उतरली. त्याच्याकडे बघून ती हसली, खरंखुरं, आणि मग हसणं निघून गेलं. "तुमाला असं वाटलं व्हय! बरं झालं. मला वाटायचं संशय मलाच येतो."

"कसला संशय?"

"त्या दिशी तुमी नळावर हात धुतलंत. माझ्या खाटेवरनं खिडकीतनं दिसायचा तो नळ. लय वेळ धुतलंत. मंग वर आलात आन् डबा विचारलात." ती बांधावरच्या गवताकडे बघत बोलत होती. "मी म्हनलं, पोरीला पुरून आलेला मानूस डबा विचारंल का?"

"हर्षला..."

"मला आवाज आल्ता. भुलीत व्हते, पन आवाज आल्ता, रडल्याचा. शेजारच्या बाईचं पोर असंल. असंलच. पन मला कोनी काय दाखवलंच नाय ना. मला वाटलं, दिली. मुलगी झाली म्हनून तुमी आन् नामाकाकांनी कोनाला तरी दिली."

जितेशने गाडीचं हँडल घट्ट धरलं. सात वर्षं ही बाई त्याच्या ताटात भाकरी वाढत होती आणि त्याला उजेडासमोर धरून बघत होती. त्याला संताप यायला हवा होता. आला नाही. आली ती लाज, आणि तिच्यासाठी इतकं वाईट वाटलं की त्याला खाली बघावं लागलं.

"कोनाला इचारनार? तुमाला इचारलं आन् तुमी हो म्हनालात तर? नाय म्हनालात तर इस्वास कसा ठेवायचा? मंग एकदा असाच पिक्चर लागला. त्यातला मानूस पुरून आला, हात धुतलं, भाकर मागितली. मंग मी बघतच सुटले. सगळीकडची मानसं तसंच करतात वो. बर्फातली, वाळवंटातली. खरंच पुरून आलेली मानसं तशीच वागतात. त्यांना काय बोलायचं ते कळत नाय." तिने ओढणीने कपाळ पुसलं. "असा मानूस दिसला का मला पटतं, तुमी खरं बोललात. आन् मंग रडू येतं. रडले का दोन दिस बरं वाटतं. मंग परत तेच."

"मी खरं बोललो म्हनून रडू येतं?"

"तुमी खोटं बोलला असता तर ती कुटंतरी असती ना."

एक जीप कशेळ्याकडे गेली, टपावर कोंबड्यांच्या जाळ्या. धूळ उडून खाली बसली. मग ती त्याच्या जवळ आली, इतकी की तिच्या तोंडातल्या वेलचीचा वास आला, आणि म्हणाली, "एकच सांगा. मंग मी पुन्ना कायबी इचारनार नाय, पिक्चरबी बघनार नाय. कोनावानी व्हती?"

त्याने बघितलं नव्हतं. काकाने सांगितलं, त्याने ऐकलं. गाठोडं हातात आलं तसं खड्ड्यात गेलं. बाटलीचं बूच न फिरवता खोकी पुढे न सोडणाऱ्या माणसाने ती एकच गोष्ट न बघता सोडली होती. हे सांगितलं असतं तर खरं बोलल्यासारखं झालं असतं, आणि समोर उभी असलेली ही बाई पुन्हा त्या खाटेवर, त्या खिडकीशी जाऊन बसली असती, या वेळी जन्मभरासाठी. ती त्याच्या डोळ्यांत बघत होती. जितेशने डोळे हलवले नाहीत.

"तुज्यावानी," तो म्हणाला. "कपाळ तुजं. नाक तुजंच."

"आन् डोळं?"

"मिटल्यालं व्हतं."

तिने मान हलवली. सावकाश, दोनदा, दुकानात माप बरोबर भरल्यावर हलवतात तशी. "मला जागा दाखवा," ती म्हणाली. त्याने गाडी कशेळ्याच्या रस्त्याला वळवली. जागा तरी खरी होती. ओढ्याला पाणी नव्हतं, करंज मोठा झाला होता, बांध मात्र तोच. त्याने बोट दाखवलं. हर्षलाने चपला काढल्या, तिथे बसली, दोन्ही तळवे मातीवर टेकले, आणि लग्नात तिच्या आया-आत्या रडल्या तशी, हेल काढून, मोठ्याने, आपल्या लेकीला हाका मारत रडू लागली. पलीकडच्या शेतात वाल तोडणाऱ्या बाया ताठ उभ्या राहिल्या आणि मग हातातलं टाकून, कुणाचं काय ते न विचारता, पदर सावरत तिच्याकडे येऊ लागल्या. जितेश बाजूला उभा होता. त्यालाही रडायचं होतं, खेचरासाठी आलं तेवढं तरी. पण गाठ मारलेलं ते लुगडं, ते पायलीभर वजन त्याच्या हातांत आलं, आणि त्यात खरंच काय होतं हे आपण कधी बघितलं नाही, हा विचार पहिल्यांदाच त्याच्या मनात शिरला आणि तिथेच बसला. रडायला माणूस गेल्याची खात्री लागते. होती नव्हती ती त्याने नुकतीच तिला देऊन टाकली होती.